मिरचीचा मेल परत आला

"आक्का, कंपनीवालास्ना फोन उना. म्हणे, तुम्हनं पत्रच भेटनं नही!"

फोनवर सुनंदा होती. कोरीट गावच्या बायकांचा मिरची पावडरचा गट ती चालवते. त्यांची वेबसाइट मी केलेली. पन्नाशीनंतर, घरीच बघून बघून शिकले हो मी हे काम. पुण्याच्या एका मसाला कंपनीने गटाकडे दरपत्रक मागितलं होतं. वर्षभराची ऑर्डर. मुदत आदल्या दिवशीच संपलेली.

थोडं मागे जाते. साइट ठेवायला इंटरनेटवर जागा घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात. शेअर्ड म्हणजे एका सर्व्हरवर आपल्यासारखे कितीतरी भाडेकरू. डेडिकेटेड म्हणजे अख्खा सर्व्हर आपला. हे समजावलं तेव्हा सुनंदा हसली होती.

"आपली साइट देखाले इतला लोके कोठून येतीन, आक्का? मन्ही सासू बी देखत नही!"

मलाही पटलं. शेअर्ड घेतलं.

साइट छान चालली, खोटं कशाला बोलू? पण गटाचा मेलही त्याच सर्व्हरवरून जायचा आणि सगळ्या भाडेकरूंचा पत्ता एकच. त्याला आयपी म्हणतात. कुणीतरी तिथून फसवे मेल सोडले, अख्खा पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये गेला. मग आमचं दरपत्रकही कंपनीच्या दारातूनच परत.

"परत उनं ते तुले दिसनं नही का?" माझा आवाज चढला.

"उनं ना काहीतरी इंग्रजीमा. तुम्हीच सांगेल व्हतं, मेल गया का पोच येस. माले वाटनं, हाईच पोच."

सांगितलं मीच होतं. परत आलेला मेल कसा दिसतो, ते मात्र दाखवलं नव्हतं.

कंपनीला मी स्वतः फोन केला. "मॅडम, फाइल क्लोज झालीय," एवढंच उत्तर. मिरची तशीच अख्खी मार्केट यार्डात गेली. गटाने हौसेने घेतलेली दळायची मशीन हंगामभर झाकलेलीच राहिली.

आणि सांगू? एवढ्याशा गटाला डेडिकेटेड सर्व्हर लागतच नव्हता. मेलची सोय वेगळी केली असती तरी भागलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. ते मी केलं, पण नंतर.

जागा निवडताना मी येणारी माणसं मोजली, जाणाऱ्या पत्राचा विचारच केला नाही. आता कुणालाही होस्टिंग घेऊन दिलं, की शेजारी बसवून आधी परत आलेला मेल दाखवते.