मावशींनी सांगितलेलं नाव

गावातली कुठलीही गोष्ट सांगण्याआधी मावशी मलाच विचारायच्या, "याचं तुम्ही काय करसान, साहेब?" त्या मोताळ्याकडच्या एका गावाच्या पोलीस पाटील, मी ठाण्यात नवा फौजदार. उत्तर पटलं नाही तर कापसाच्या भावावर बोलून उठून जायच्या.

बांधाची भांडणं त्या ठाण्यापर्यंत येऊच द्यायच्या नाहीत. दोघा भावांना ओट्यावर समोरासमोर बसवायचं आणि बोलल्याशिवाय उठू द्यायचं नाही, ही त्यांची रीत.

मी तेव्हा प्रशिक्षणातून ताजा आलेलो. परदेशांत पोलीस गुन्ह्यामागे धावत नाहीत, आधी माहिती जमवतात, असं तिथे शिकवलं होतं. एका देशात सराईत गुन्हेगारांच्या याद्या करून नजर ठेवतात. दुसऱ्या देशात आधी वस्तीत जाऊन बसतात, लोकांना विचारून काम ठरवतात. वहीत मी दोन्ही उतरवलं. ठाण्यात सुरू केली ती फक्त यादी.

त्या हंगामात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. मावशींनी एका विधवेच्या मुलाचं, संतोषचं, नाव सांगितलं. "बाप गेल्यापासून नांदुऱ्याच्या वाईट पोरांत बसून राह्यला. त्याले बलावून दोन शब्द सांगा. तुमचं आयकन तो." मी हो म्हणालो आणि नाव यादीत घातलं.

मग मोटार कुठेही चोरीला गेली की आमची गाडी त्याच्या दारात. तीनदा आणून त्याला दिवसभर बसवून ठेवलं. कापसाच्या जिनिंगमधलं त्याचं काम सुटलं. पुढे खरे चोर सापडले, ते भलत्याच तालुक्यातले.

त्याची आई ठाण्यात आली. माझ्या पोराचं नाव कोणी दिलं, एवढंच ती विचारत होती. चार माणसं ऐकत उभी होती. मला स्वतःची मान सोडवायची होती. मी म्हणालो, "तुमच्याच पोलीस पाटीलबाईंनी."

गावानं मावशींशी बोलणं टाकलं. त्यांनी काही नाकारलं नाही. एकदा माझ्याकडे आल्या; खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, मी तुमाले पोरगं सांगतलं होतं. चोर नाई."

त्याच वर्षी वरच्या बैठकीत माझ्या यादीचं कौतुक झालं. मी उभा राहून ते घेतलं.

बदली झाल्यावर एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. संतोष तोवर सुरतेला निघून गेला होता. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण जीभ उचलेना. त्यांनी चहा दिला, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. संतोषच्या आईचं कसं चाललंय, असं मी विचारलं. याचं तुम्ही काय करसान, असं या वेळी मावशींनी विचारलं नाही.

"बरे हायेत सगळे," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.