चौबळबाईंचा खेकडा

दुपारचे तीन. पाच मिनिटं म्हणून प्रयोगशाळेच्या टेबलावर डोकं टेकते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो. समोर पेटीत कच्छहून आणलेला खेकडा आहे, लाखो वर्षांत दगड झालेला. त्याच्यावरचा लेख आज पाठवायचाय. खेकडा नव्या जातीचा आहे असं मी लिहिलंय, आणि त्या जातीला नाव दिलंय चौबळबाईंचं. बाई माझ्या गुरू. त्यांना जाऊन आठ महिने झाले.

"ऊठ गं चारू, ऊन चढलं."

बाई उभ्या आहेत, पायांत कॅनव्हासचे बूट. खाली कच्छमधल्या ओढ्याची कोरडी वाळू. त्या हातोडीने गोटा फोडतात. आत खेकडा, पण मोठी नांगीच नाही.

"आता जात कशी ओळखायची?" बाई वैतागतात.

मी नांगी शोधत पुढे जाते आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात पोचते. बाई खाटेवर. माझ्या हातात तोच खेकडा, आता नांगीसकट. नांगी दुसऱ्याच गोट्यातली, मीच चिकटवलेली. खरोखर मी ती दाखवली त्या दिवशी बाई केवढ्या हसल्या होत्या! "सापडली? मग हा नवाच!" दोन दिवसांनी त्या गेल्या आणि मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज बाई हसत नाहीत. दगड तोंडाशी नेतात. आम्ही जीवाश्म शोधणारे सगळेच नेतो. चाटलेल्या दगडावरची नक्षी उठून दिसते. बाईंची जीभ राखाडी आहे. मला बाईंची भीती वाटते, आयुष्यात पहिल्यांदा.

"गोंदाची चव लागतेय," त्या म्हणतात.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, बाई."

"वाटलं की. पण तेव्हा मी जिवंत होते. आता कुणासाठी?"

"तुमचं नाव राहावं म्हणून."

"असल्या खेकड्यावर?"

त्या पुन्हा सांधा चाटू लागतात. थांबतच नाहीत. वॉर्डात वाळू भरत जाते. मी "बाई, पुरे, बाई" म्हणत राहते.

जाग येते. पंखा चालूच आहे. पेटीत नांगी सुटून बाजूला पडलीय. सांध्याला बोट लावते. ओला, थंड.

नांगीवाचून हा खेकडा नवा ठरत नाही. लेखातलं बाईंचं नाव मी खोडते, आणि आठ महिन्यांत आलं नव्हतं ते रडू आता येतं.

पाच वाजतात. सांधा अजून वाळलेला नाही.