वर्नरची भट्टी

मिनेसोटातल्या त्या गावात कुणाच्या घराला ऊब देणारी गॅसभट्टी बंद पडली, की वर्नर हौगेन दुरुस्तीला जायचा आणि जोडीला टोमणाही मारून यायचा. "भिंतीबाहेरच्या नळीवर बर्फ लोटलात, तर भट्टी बापडी श्वास कुठून घेणार?" चर्चमध्ये कॉफी पितानाही हेच किस्से सांगून तो लोकांना हसवायचा.

आज त्याच्याच घरची भट्टी गार पडली. तळघरात त्याने झाकण उघडलं, तारा तपासल्या, सगळं पुसून परत बसवलं.

"दुसऱ्या कुणाला बोलावू का?" बायकोने, आयडेलाने, वरून विचारलं.

"उभा जन्म गेलाय माझा यात," तो खेकसला.

बऱ्याच वेळाने भट्टी आपसूक धडधडली. कशामुळे, ते त्यालाही कळलं नाही. तरी "लावली बघ मार्गी," म्हणत तो ऐटीत जिना चढला.

आयडेला मागच्या दारात बूट झटकत होती. हातात फावडं, नाक लालबुंद. सकाळी अंगणातला बर्फ यंत्राने उडवताना आपण तो कुठल्या भिंतीवर टाकला, ते वर्नरला तेव्हा आठवलं.

"छान झालं," ती म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये सांगते सगळ्यांना, कशी दुरुस्त केलीस ते."

घर अजून तापायचं होतं, वर्नरचे कान मात्र तापले. "नको," एवढंच म्हणून त्याने तिच्या हातातलं फावडं घेतलं, पण तिच्याकडे बघणं काही त्याला जमेना.