शब्द वापरून या

जाधवबाईंचा एक नियम होता. इंग्रजीचा एक शब्द दिला की तो कोणावर तरी वापरून यायचं. नुसता पाठ करून गेलं तर दुसरा शब्द मिळत नसे. "पाठ काय, टेलिफोनची रेकॉर्डसुद्धा बोलते," त्या म्हणायच्या. "शब्द वापरून या."

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्यांचं इंग्रजी, त्यांच्याच भाषेत, लोकांची भांडणं जोडून देता देता आलेलं. मी चौथी शिकलेला. साकीनाक्याला लेथवर जन्म काढला, लाज कशाची वाटत नाही. चारकोपला आमच्या सोसायटीत बाई तळमजल्यावर, मी दुसऱ्या माळ्यावर. येता-जाता राम राम, तेवढीच ओळख.

मग रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. बिल्डरचा माणूस तासभर इंग्रजीत बोलला. बाईंनी दोनदा हात वर केला, सेक्रेटरी म्हणाला, "बाई, शेवटी बोला." शेवट आलाच नाही. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. सह्या पुढच्या महिन्यात ठरल्या.

खाली उतरलो तर बाई दारात उभ्या. "काय सावंतभाऊ, पसंत ना?"

"चांगलंच आहे की."

"तळमजल्याची आठ घरं मागे नाल्याकाठी, वेगळ्या इमारतीत टाकणार. ते चांगलं?"

"मला कुठे कळलं? इंग्रजीत होतं सगळं."

"मग मान कशाला हलवलीत?"

आयुष्यात मला कोणी असं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, शिकवा.

पहिला शब्द दिला कन्व्हिन्स, म्हणजे पटवून देणं. पहिल्या माळ्यावरचा परब जिन्यात बाइक आडवी लावायचा. मी गेलो, त्याला असा झापला की त्याने निमूट बाइक काढली. छाती काढून बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "ही दमदाटी झाली. ती तुम्हाला येते, शिकवायला नको. उद्या पुन्हा जा."

पुन्हा गेलो. परबकडे चहा घेतला, त्याचं ऐकलं. बाहेर लावली की रात्री पेट्रोल चोरतात म्हणे. शेवटी त्याने बाइक माझ्या खिडकीखाली लावायची आणि मी लक्ष ठेवायचं असं ठरलं. तेव्हा कुठे दुसरा शब्द मिळाला. अपोज. मग मेजॉरिटी. मग लीडर. तो दिला तेव्हा म्हणाल्या, "हा स्वतःवर वापरायचा नाही. दुसऱ्या कोणी तुमच्यावर वापरला तर ऐकायचा."

महिनाभर मी वरच्या दोन माळ्यांची दारं ठोठावत होतो. लोक म्हणायचे, "काका, तुमचं घर तर जात नाही ना?" मी म्हणायचो, "म्हणूनच आलोय. ज्यांचं जातंय त्यांचं कोणी ऐकत नाही."

सह्यांच्या दिवशी मी उठलो. "आय अपोज."

बिल्डरचा माणूस गोड हसला. "अंकल, ऑन व्हॉट बेसिस?"

बेसिस हा शब्द बाईंनी दिला नव्हता. मी म्हटलं, "हा मला येत नाही. मराठीत विचारा, मराठीत सांगतो. कागदही मराठीत आणा. आणि तळमजला वेगळा काढलात तर माझी सही नाही."

तो सेक्रेटरीकडे बघायला लागला. तेवढ्यात परब उठला. म्हणाला, "माझी पण नाही." मग एकेक करत वरच्या सोळांतली अकरा घरं उभी राहिली. कागद परत बॅगेत गेले.

बाहेर आल्यावर वाटलं, बाई काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "अपोज म्हणताना आवाज फार चढवलात. उद्या पुढचा शब्द."

यंदा उन्हाळ्यात बाई गेल्या. गेल्या त्या स्वतःच्या घरातून. बुद्धविहारातली माणसं आली होती, वंदना झाली, मीही हात जोडून उभा होतो. आता त्या घरात त्यांची बहीण राहते.

परवा सेक्रेटरी वर आला. "सावंत, बिल्डर पुन्हा तयार आहे. इमारत गळतेय. आता तर बाई पण गेल्या. कोणासाठी अडवून धरलंय?"

मी त्याला बसवलं, चहा दिला, त्याच्या गळणाऱ्या छताचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "बाई गेल्या. तळमजल्यावर आठ घरं आहेत."

त्याला पटलं नाही. चहा अर्धा टाकून उठला. उद्या सकाळी मी त्याच्या दारी जाणार आहे.