पिसे कोणी उपटली

११ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात. त्या वेळी पत्नीच्या अंगात ताप भरला. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटताना थंडी बाधली, असे ती म्हणाली. मी ते मान्य केले.

नऊच्या सुमारास आरोग्य पथकाची जीप शेजारी, धाकट्या भावाच्या अंगणात थांबली. त्याच्या कोंबड्या आठवडाभर मरत होत्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. आता माणसांची चौकशी होती. मी आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. घरोघरी असेच प्रश्न विचारण्यात माझी सारी नोकरी सरली. तरी पथक त्याच्याकडे, चहा त्याच्याकडे, अर्धे गाव त्याच्याकडे. लहानपणापासून हे असेच आहे. वाटणीनंतर आमचे बोलणे बंद होते. मी भिंतीआड उभा राहून ऐकले.

आमच्याकडे कोंबडी मान टाकू लागली की मरण्याआधी कापतात. मागच्या आठवड्यात त्याने अशीच एक कापली. रश्शाचा वास माझ्या घरापर्यंत आला, वाटा आला नाही. नीट शिजवलेले कोणी खाल्ले, यावर डॉक्टरबाई फार थांबल्या नाहीत. आजारी पक्षी कोणी कापला, पिसे कोणी उपटली, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. धाकटा म्हणाला, दोन्ही मीच.

हे खोटे होते. त्याला पिसे उपटता येत नाहीत. त्याची बायको माळकरी, मांसाला शिवत नाही. एकत्र होतो तेव्हापासून त्या चुलीवरची कोंबडी एकच बाई साफ करीत आली होती. ती माझ्या घरात तापाने पडली होती.

काळजी नंतर आली. आधी मनात आले ते हे, की ती तिथे बसली, जेवली, हसली असेल. जीप सुरू झाली तेव्हा मी त्याच्या अंगणात शिरलो.

"पिसे माझ्या पत्नीने उपटली. तिला ताप आहे," मी डॉक्टरबाईंना सांगितले.

"दादा, तुम्ही वहिनीला बोलताल, म्हनून मी न्हाई सांगितलं," धाकटा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी तिच्या घशातील नमुना घेतला, गोळ्या सुरू केल्या, वेगळी हवेशीर खोली द्या म्हणाल्या. त्या गेल्यावर मी पत्नीला विचारले, तिकडे का गेलीस.

"तिथं मला कोनी गप बस म्हनत न्हाई."

मी तिची खाट मागच्या खोलीत टाकली. त्या खोलीला खिडकी एकच, धाकट्याच्या अंगणाकडची. वाटणीच्या वर्षी मी ती खिळे ठोकून बंद केली होती. पक्कड आणली आणि सगळे खिळे काढले.