निस्तारची विल्हेवाट

बार रूममध्ये माझ्या टेबलावर विधेयकाची प्रत उघडी होती आणि मी एकटीच हसत बसले होते. समोरच्या वकिलांनी विचारलं, "काय बाई, केस जिंकली काय?"

म्हटलं, "नाही. आमच्या आमदारांनी नवा कायदा आणलाय."

मग तेही हसले. आमदार भाऊंची विधेयकं हा चंद्रपूरच्या कोर्टात चहाबरोबर चालणारा विषय होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वकिली करायची आणि एका स्थानिक साप्ताहिकात सदर लिहायची. सदराचं काम एकच. भाऊ विधानसभेत जे जे विधेयक मांडतील त्याची प्रत मिळवायची, वाचायची आणि चुका दाखवायच्या. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. सरकारनं आणला तर तो बहुधा पास होतो. आमदारानं स्वतःच्या नावानं आणला तर त्याला अशासकीय विधेयक म्हणतात, आणि ते बहुधा पास होत नाही. शुक्रवारी त्यावर चर्चा होते, मंत्री 'शासन विचार करील' म्हणतात, आमदार विधेयक मागे घेतात आणि सगळे सुट्टीला आपापल्या गावी जातात.

भाऊ गोंडपिपरीच्या शाळेत माझ्या वडिलांचे विद्यार्थी. वडिलांनी त्यांचे निबंध तपासले, मी विधेयकं तपासत होते. दोघांचीही लाल शाई सारखीच संपली. माणूस मनाचा मोकळा, पण कायदा म्हणजे त्यांना लग्नाची पत्रिका वाटायची, छापून वाटली की झालं. एकदा त्यांनी पावसाळ्यापुरतं भामरागडला बेट जाहीर करा, असं विधेयक आणलं. रस्ते तुटतात, नद्या भरतात, मग बेटाला मिळतात त्या सवलती का मिळू नयेत, असा त्यांचा सवाल. भामरागड त्यांच्या मतदारसंघातही नव्हतं. मी लिहिलं, 'बेट जाहीर करायला हरकत नाही, पण उन्हाळ्यात ते परत कोण घेणार?' भाऊंनी फोन केला. मला वाटलं आता शिव्या. तर म्हणाले, "बाई, फोटो काऊन नाई छापला माहा?"

तर आता हे नवं विधेयक. विषय चांगला होता, म्हणून तर हसू आवरेना. विषय होता निस्तार.

आमच्याकडे निस्तार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जंगलालगतच्या गावकऱ्याला सरपण, नांगराचं लाकूड, कुंपण, बांबू सवलतीनं मिळायचा जो जुना हक्क, तो निस्तार. वनखात्याच्या डेपोवर निस्तारचा बांबू मिळतो, आणि त्याच्यावर बुरड लोकांचं पोट चालतं. सूप, टोपल्या, धान्याच्या ढोल्या, सगळं त्यातूनच होतं. भाऊंना हा हक्क कायद्यानं पक्का करायचा होता. पण माझ्या हातातल्या प्रतीत निस्तार हा शब्दच कुठे नव्हता. छापलं होतं, 'वनालगतच्या गावांतील रहिवाशांच्या वनविषयक हक्कांची विल्हेवाट लावण्याबाबत तरतूद करण्यासाठी विधेयक.' आत प्रत्येक कलमात तेच. बांबूची विल्हेवाट, सरपणाची विल्हेवाट, चराईची विल्हेवाट.

'ध'चा 'मा' झाल्याचं ऐकलं होतं. इथे तर अख्खं गाव बुडवायची तयारी होती. सदराचं शीर्षक माझ्या डोक्यात तयारही झालं.

तेवढ्यात गयाबाई आली आणि माझं हसू जिरलं. गयाबाई बुरडीण, गोंडपिपरीकडची, तिच्या भावाची एक केस माझ्याकडे होती. म्हणाली, "बाई, डेपोवाला बांबू देऊन नाई राह्यला. म्हणते कायदा आला. आता निस्तार बंद."

"कोणता कायदा?"

"मले काय मालूम जी? पेपर दाखवत होता."

पेपरमध्ये नागपूरहून आलेली चार ओळींची बातमी होती: वनहक्कांची विल्हेवाट लावणारं विधेयक चर्चेला येणार. डेपोवाल्यानं ती साहेबाला दाखवली, साहेबानं 'तूर्त थांबा' म्हटलं. धान घरात आलं होतं, ढोल्या आणि सुपं विकायचे हेच दिवस. आता बांबू मिळाला नाही तर गयाबाईनं पुढं वर्षभर हात चोळत बसायचं. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. मलाही आला.

मी रेंजर साहेबांना फोन लावला. "साहेब, विधेयक म्हणजे कायदा नव्हे. नुसतं मांडलेलं आहे. ते पास होणारही नाही."

"बाई, ते मलाही कळतं," ते शांतपणे म्हणाले. "पण उद्या पास झालं आणि मला विचारलं, बांबू का दिला, तर? न दिल्याबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही."

आमच्याकडच्या सरकारी नोकरीतलं सगळं शहाणपण त्या एका वाक्यात आहे. त्यांना वरून काहीतरी ठाम यायला हवं होतं, आणि ते वर म्हणजे त्या दिवसांत नागपूर. हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि भाऊंच्या विधेयकाची चर्चा त्याच शुक्रवारी होती.

गयाबाईला घेऊन मी सकाळच्या बसनं निघाले. आमदार निवासात भाऊंच्या खोलीत जत्रा भरली होती. गावाकडून जीप भरून माणसं आली होती, कोणी चिवडा खात होतं, कोणी भाऊंचं जाकीट झटकत होतं. अशासकीय विधेयकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्याला बॅलट म्हणतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बॅलटमध्ये भाऊंचा नंबर वर लागला होता. सगळे त्यांचं भाषण ऐकायला आले होते.

"या वकीलबाई," भाऊ म्हणाले. "आज तं चूक नाई ना काढत?"

"चूक नाही भाऊ, खड्डा आहे. निस्तार हा शब्द कुठं गेला?"

कोपऱ्यातून उत्तर आलं, "तो मी बदलला." हे शेलार, भाऊंचे नवे पी.ए., साताऱ्याकडचे. इस्त्रीचा शर्ट, हातात शब्दकोश. "निस्तार मराठी नाही, मॅडम. हिंदी वाटतो. राज्यकारभार मराठीत हवा. मराठीत निस्तरणे आहे. म्हणजे मिटवणे, मोकळं होणे. म्हणून विल्हेवाट. इथं बघा." त्यांनी खरंच पान उघडून दाखवलं. कोशात चूक नव्हती, हीच तर पंचाईत.

"शेलार साहेब," मी म्हटलं, "तुम्ही लोकांचे हक्क निस्तरलेत. आता हे तुम्ही निस्तरा."

त्यांना ते अजिबात आवडलं नाही. भाऊ मात्र अजून हसत होते. "अवो बाई, एका शब्दानं काय होते? भाव समजून घेते लोक."

"तुम्ही छापलेलं वाचलं का?"

"मी काऊन वाचू? मीच तं सांगितलं होतं."

"मग आता मोठ्यानं वाचा."

भाऊंनी प्रत घेतली, घसा साफ केला आणि सभेत वाचतात तसं वाचायला लागले. "बुरड व्यवसायातील व्यक्तींच्या बांबूविषयक हक्काची विल्हेवाट..." खोलीत चिवडा खाणारा माणूसही थांबला. भाऊंनी गयाबाईकडे पाहिलं, मग शेलारांकडे.

"हे मी लिहलं?"

"तुमच्या नावानं आहे," मी म्हटलं. "आणि याच्यामुळं हिचा बांबू बंद आहे. आज मागे घ्या."

"आजच?" त्यांचा चेहरा पडला. "बाई, पहिल्यांदा नंबर लागला. हे लोक मले पाहाले आले. तिथी उभा राहून मी म्हणू, माहं विधेयक खराब हाय? शुद्धिपत्र काढू ना."

शुद्धिपत्र छपाईच्या चुकीला निघतं. इथे छापखान्यानं शेलारांचं अक्षर न् अक्षर बरोबर छापलं होतं. हे सांगितल्यावर भाऊ नुसतं "बघू" म्हणाले. राजकारणात या शब्दाचा अर्थ कुठल्याच कोशात सापडत नाही. मी मनातून घाबरले.

दुपारी पास काढून आम्ही प्रेक्षक गॅलरीत बसलो. गॅलरीत हसायचं नाही, बोलायचं नाही, पायावर पायही टाकायचा नाही. भाऊ उभे राहिले आणि जंगल, पूर्वज, वाघ असं इकडचं तिकडचं बोलत राहिले. विधेयकाचं नाव काढेनात. मला खाली उडी मारावीशी वाटली. मग वनमंत्री उत्तराला उठले. आजवर एकाही अशासकीय विधेयकावर 'विचार करू' याच्या पुढं न गेलेलं सरकार त्या दिवशी म्हणालं, "सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा विषय मांडला आहे. विभागाला या विधेयकामागचं तत्त्व मान्य आहे."

का मान्य नसेल? लोकांच्या हक्कांची विल्हेवाट, तीही लोकांच्याच आमदाराच्या हातून. खात्याला याहून काय हवं? भीक नको, कुत्रा आवर, अशी आमची गत झाली. गयाबाईनं माझ्या कानात विचारलं, "चांगलं होऊन राह्यलं का वाईट?" मी म्हटलं, "फार वाईट."

भाऊ परत उभे राहिले. मंत्री त्यांच्याकडे पाहून हसत होते, कारण आता आभार येणार होते. भाऊ म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मंत्री महोदयांच्या पाठिंब्याला माझा विरोध आहे."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी विचारलं, "विधेयक आपलंच आहे ना?"

"माझंच आहे, म्हणून तर जास्त विरोध आहे," भाऊ म्हणाले, आणि नंतर त्यांची पुस्तकी मराठी सुटली. "निस्तार म्हणजे विल्हेवाट नाई जी. निस्तार म्हणजे घरची चूल. आमच्या बायाले बांबू भेटते तवा सूप होते. माह्या कागदानं त्याहीचा बांबू बंद पडला. ते बाई तिथी वर बसून हाय." गॅलरीकडे बोट दाखवणं नियमात बसत नाही. अध्यक्षांनी समज दिली. भाऊंनी माफी मागितली आणि पुन्हा बोट दाखवलं. "मी विधेयक मागे घेतो. पण मंत्र्यांनी आधी सांगावं, बांबू कोणाच्या हुकमानं बंद झाला?"

मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाचाच हुकूम नव्हता. शेवटी मंत्री म्हणाले, "निस्तारचा बांबू कुठंही बंद नाही. असल्यास तात्काळ सुरू करण्यात येईल."

लगेच माझा जीव भांड्यात पडला. सभागृहात मंत्री जे कबूल करतात त्याला आश्वासन म्हणतात. ते नोंदलं जातं आणि पाळलं की नाही हे बघायला आमदारांची वेगळी समिती असते. अधिकारी कायद्याला एक वेळ भीत नाहीत, आश्वासनाला भितात. विधेयक मागे घ्यायला सभागृहानं अनुमती दिली, आणि ती हसत हसतच दिली.

पुढच्या आठवड्यात डेपो सुरू झाला. बांबू बैलगाडीवर चढवताना गयाबाईनं विचारलं, "भाऊचा कायदा पास झाला काय?"

"नाही. मागे घेतला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाडीवर बसून गेली. त्या हंगामात तिच्या ढोल्या बाजारात पुरल्या नाहीत.

मी सदर लिहायला बसले. डोक्यात पहिलं शीर्षक होतं, पण भाऊंना टोचायचं मन होईना. भरल्या सभागृहात स्वतःचं हसं करून घ्यायला छाती लागते, आणि ती या माणसाकडे निघाली. मला त्यांचा अभिमान वाटला होता, तोही लिहायचा होता आणि टीकाकाराची लाजही राखायची होती. म्हणून शेवटचं वाक्य मी फार तोलून लिहिलं: 'भाऊंचं एक तरी विधेयक गरिबाच्या खरोखर कामी आलं, पण ते मागे घेतल्यानंतर.'

निवडणूक आली तेव्हा भाऊंचं पत्रक घरोघर पोचलं. मागच्या पानावर माझा फोटो होता, कुठून मिळवला कोण जाणे. खाली ठळक अक्षरात: 'भाऊंचं विधेयक गरिबाच्या खरोखर कामी आलं. – कडक टीकाकार वकीलबाई.' या वेळी शेलारांनी माझा एकही शब्द बदलला नव्हता, फक्त काही शब्द गाळले होते.

मी फोन लावून भांडले. भाऊ म्हणाले, "बाई, फोटो तं छापला ना?"

ते निवडून आले. मी अजूनही आमदारांवर लिहिते. एवढंच शिकले, की त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहायचंच असेल तर 'पण' वाक्याच्या सुरुवातीला घालावा.