उठा, पानी आलं

मिश्रीचं बोट तोंडातच, आन् दुसऱ्या हातानं भुईवर थाप मारायच्या आक्का. "उठा, पानी आलं." की अंगनातल्या समद्या पोरांनी भातुकली हाय तशी टाकायची, हाताला येईल ती येकच वस्तू घ्यायची आन् दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन हुबं ऱ्हायचं. मी नवी नवरी हून भोरला आले तवा भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, मी दारातनं बगत बसायची. चांगली मांडलेली चूल, मातीची बोळकी, चुरमुऱ्याचा भात, पोरं आता घास घेनार, आन् ही म्हातारी मधीच उठीवती. तुमी आसता तर तुमी बी म्हनला आसता, ह्यो कसला ख्योळ.

लई उशिरानं कळलं, त्यांचं गाव भाटघरच्या धरनात गेलं म्हनून. पानी सांगून आलं व्हतं, पन खरं कुनालाच वाटलं न्हवतं. "चुलीवर भाकर व्हती गं," त्या म्हनायच्या आन् हसायच्या. "अजून भाजतीया ती."

ज्याच्या चुलीवर पावनं यायचं त्यानं काय बोलायचं, ते बी त्यांनीच ठरीवलेलं. म्हनायचं, या, बसा, कालवनात पानी वाढवू. माजी शेवंता येकदा मोठ्या बाईवानी कंबरंवर हात ठिवून इचारती, किती दिस ऱ्हानार म्हनून. आक्कांनी तिला पुन्ना पुन्ना दारात हुबं केलं, पार दिवेलागन हुस्तवर. "आदी पानी द्यायचं. मग गाव इचारायचं. जायचं कवा, ते इचारायचंच न्हाई." मी आपली मनात म्हनायची, पोरांना श्लोक शिकवायचे सोडून हे काय.

मग देशाची वाटनी झाली, त्या साली कापूरहोळच्या फाट्यावरनं लारी भरून मानसं आली, धर्मशाळंत उतारली. दवंडीवाला काय तरी निर्वासित म्हनला, आमच्या आळीनं ऐकलं निरवंशी. बायांनो, तुमाला सांगायला नको. ज्याचा वंश बुडाला त्याची सावली तान्ह्यावर पडू द्यायची न्हाई, हे आमी पाळन्यातनं ऐकत आलेलो. माजा बाळ्या तवा नुकता रांगाया लागल्याला. मी त्याला दोन्ही गालांना काजळ लावलं, मिरच्या उतारल्या, पदराखाली झाकला आन् तशीच धापा टाकत आक्कांकडं गेले, म्हनलं आता कसं वो करायचं.

त्यांनी तोंडातलं बोट काडलं. "निरवंशी न्हवं गं. निर्वासित. म्हंजी घर सुटल्यालं." मग माज्याकडं बगून म्हनल्या, "मग मी कोन हाय?"

पन भ्या काय असं सांगितल्यानं जातं व्हय?

दुसऱ्या दिशी शेवंता त्यातलीच येक पोर हाताला धरून घिऊन आली. आठ-नऊ वर्साची आसंल, मोहिनी नाव. बोली कुनाला कळंना. आक्कांच्या दाराच्या चौकटीला टेकून बसली, तिथंच उंबऱ्यापाशी बाळ्या खेळत व्हता. मी त्याला उचलाया निगाले, तवर आक्कांनी भुईवर थाप मारली.

पोरं उठली. कुनी पळी घेतली, कुनी तवा, कुनी भावली. ती पोर शब्द काय समजली न्हाई, पन समदी उठलेली तिनं बगितली. बोळक्यांकडं नजर सुदिक टाकली न्हाई. बाळ्याला झप्पकन कंबरंवर मारला आन् पळाली. दुसऱ्याच्या चुलीकडं न्हाई, पार आळीच्या भाईर.

डोईवरचा पदर पडला, तशीच मागं पळाले. हिरीपाशी गाठली तर भिंतीला पाठ लावून हुबी, आन् हातानं बाळ्याचं डोकं झाकल्यालं. बाळ्या हसत तिची येनी वढीत व्हता. म्या हात पुढं केलं तर देईना. माज्या खांद्यावरनं मागं बगत व्हती, कुनी येतंय का.

आक्का आल्या. मी रडकुंडीला येऊन म्हनलं, काडून घ्या वो त्याला. त्यांनी हात लावला न्हाई. भातुकलीतलं बोळकं भरून आनलं व्हतं, ते तिच्या म्होरं धरलं.

"आदी पानी," म्हनल्या.

ती प्याली. मग आपल्या हातानं बाळ्या माज्याकडं दिला.

परत येताना आक्का म्हनल्या, "इतकी वर्सं खेळीवते, समदी भांडीच उचलत्यात." आन् दारात आल्यावर हळूच म्हनल्या, "हिनं आदी बी कुनाला तरी उचललं आसंल."

कुनाला, ते म्या इचारलं न्हाई. तवा बोली येत न्हवती, आन् आता ती आमच्यासारकंच बोलती तर इचाराया माजंच तोंड उगडत न्हाई. पन त्या दिसापास्नं म्याच बाळ्याला तिच्या मांडीवर बसवाया लागले. सासूबाई पुटपुटायच्या. मी बी पयलं काही दिस चुलीपाशी बसून येक डोळा तिकडंच ठिवायची.

त्या गोष्टीला दोन वर्सं झाली, आन् ह्या वैशाखात आक्का गेल्या. धरनाचं पानी पार तळाला गेल्यालं, त्यांच्या गावच्या देवळाच्या पायऱ्या उगड्या पडल्यात म्हनून मानसं सांगत व्हती, आन् त्या बगायला ऱ्हाईल्या न्हाईत.

तेरावं झाल्यावर पोरांनी पुन्ना त्यांच्याच अंगनात भातुकली मांडली. चुली मांडल्या, भात वाढला, आन् समदी हात आवरून बसली. कुनी घास घेईना. त्या रिकाम्या जागंकडं बगत व्हती. मी दारात हुबी, माजा बी जीव तितंच अडकल्याला.

मोहिनीनं बाळ्याचं तोंड पुसलं. आक्कांवानीच भुईवर थाप मारली.

"बसा," ती म्हनली. "पानी गेलं."